चिकटवलेला खटका

मित्रांनो, मी एक जुनी स्कीची जोडी आहे आणि माझं घर सिंगापुरात आहे. हसलात ना? हसा. जिथे बारा महिने पंखा बंद होत नाही, तिथे बर्फावरून घसरायच्या फळ्यांचं काय काम, असं सगळेच विचारतात.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावातला. तिथल्या छोट्या कारखान्यात लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून मला घडवलं. पुढची टोकं वर वळवली, तळ गुळगुळीत केला आणि कडांना पोलादाची धार बसवली. ती धार बर्फात रुतते, म्हणून वळता येतं. सगळ्यात शेवटी बूट धरून ठेवणारी पकड बसवली. त्या पकडीत टाचेपाशी एक खटका असतो. माणूस वेडावाकडा पडला की खटका उघडतो, बूट सुटतो आणि पाय वाचतो. धरणं हे माझं काम आहेच, पण वेळेवर सोडणं हे त्याहून मोठं काम.

पुण्याहून पीएचडीसाठी ऑस्ट्रियातल्याच इन्सब्रुक शहरात आलेल्या मधुवंतीने मला घेतलं. पहिल्याच दिवशी ती चाळीस वेळा पडली, आणि चाळीसही वेळा मी तिला सोडलं. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र आम्ही डोंगरावरून अशा उतरायचो, की वाऱ्याने तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती एकटीच मोठ्याने हसायची.

तिने मला फार जपलं. खोलीवर परतलं की स्वतःचे ओले मोजे काढायच्या आधी ती माझ्या धारा कोरड्या फडक्याने पुसायची. मग दोन्ही तळ समोरासमोर धरून, मध्ये कापडाची घडी ठेवून पट्टे बांधायची, म्हणजे एकीची धार दुसरीच्या तळाला लागू नये. मोसम संपला की जुन्या इस्त्रीने मेण वितळवून तळाला लावायची. खांद्यावरून नेतानाही मागे कोणी नाही ना, हे पाहूनच वळायची.

२०१२ साली तिला सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं. मैत्रिणी म्हणाल्या, "विकून टाक." तिने मला दोन टॉवेल आणि एका जुन्या रजईत गुंडाळून विमानात घातलं.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात एका फ्लॅटमध्ये तिने खोली भाड्याने घेतली. घरमालक अंकल ओंग. जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंग करून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. त्यांनी माझी पिशवी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"हिअर नो स्नो, लाह!" इथल्या इंग्रजीत वाक्याला असा 'लाह' नाहीतर 'आह' चिकटतोच.

"आय नो, अंकल," मधुवंती म्हणाली.

तरी त्यांनी माझ्यासाठी सामानाच्या खोलीत जागा केली. दर आठवड्याला मधुवंती मला बाहेर काढून पुसायची, कारण तिथली हवाच ओली. लोखंडाला त्या हवेत आठवडाभर विसरलं तरी ते तांबूस होतं.

आता चैत्रालीबद्दल सांगते. ती मुंबईची, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका ऑफिसात इंजिनिअर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिची आणि मधुवंतीची ओळख झाली, आणि वर्षभरात ती मधुवंतीला 'मधुताई' म्हणू लागली. २०१५च्या जानेवारीत ती ऑफिसच्या लोकांबरोबर जपानला निघाली. दोघींच्या पायाचं माप एकच. मधुवंतीने मला आणि बुटांना आनंदाने तिच्या हवाली केलं.

"एकच कर," ती म्हणाली. "परत आलीस की लगेच पिशवीतून बाहेर काढ आणि कोरडी कर."

"हो गं, मधुताई!"

जपानमध्ये चैत्राली खूप खेळली. शेवटच्या दिवशी मला ओलीच पिशवीत कोंबून तिने विमान पकडलं. घरी आल्यावर पिशवी पलंगाखाली ढकलली. उद्या काढू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. त्याच आठवड्यात पुण्याला मधुवंतीच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि ती घाईने निघून गेली. मला मागणारं कोणी उरलं नाही.

पाच महिने मी त्या अंधारात ओलाव्यासकट पडून राहिले. गंज धारेवरून पकडीत शिरला. आतली स्प्रिंग जड झाली. मला सारखं वाटायचं, आता कोणीतरी चेन उघडेल.

जूनअखेर मधुवंतीचा फोन आला. वडील सावरले होते आणि ती सिंगापूरला परतली होती. तिला न्यूझीलंडला परिषदेसाठी जायचं होतं आणि तिथे जुलैत बर्फ असतो. परिषदेनंतरचे तीन दिवस तिने स्कीसाठी राखून ठेवले होते. पाच महिने दवाखान्याच्या खुर्चीत काढलेल्या बाईला ते तीन दिवस किती हवे होते, ते तिच्या आवाजावरून फोनबाहेरही कळत होतं.

चैत्रालीने पिशवी उघडली, तर माझ्या धारा तांबूस झाल्या होत्या. तिने घाईघाईने गंज घासून काढला. पकड चालते का, हे पाहायला तिच्यात बूट अडकवला, तर तो निघेना. तिने जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि खटक्याचा तुकडा तिच्या हातात आला. तिने तो फेविक्विकने चिकटवला. इतका बेमालूम, की पाहणाऱ्याला मी अगदी धडधाकट वाटावी.

दुसऱ्या दिवशी मधुवंती मला न्यायला आली.

"नीट आहे ना गं?"

"एकदम नीट," चैत्राली म्हणाली. तिचे हात मात्र पाठीमागे होते.

मधुवंतीने मला तपासलं नाही. तिचा विश्वास होता. मित्रांनो, ती निघेपर्यंतचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. ही पूर्ण वेगाने उतारावरून येईल, पडेल, आणि मी तिला सोडणार नाही, हे मला कळत होतं. ती पिशवीवरून हात फिरवत होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

निघायच्या दिवशी दुपारी चांगी विमानतळावर मोठं सामान देण्याच्या रांगेत आम्ही उभ्या होतो. पुढे दोनच माणसं उरली होती. तेवढ्यात कोणीतरी पळत आलं. चैत्राली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं.

"मधुताई, ती नेऊ नकोस!"

"अगं, तू इथे कशी? काय झालं?"

"तिचा खटका तुटलाय. मी तोडला. आणि चिकटवून ठेवला."

मधुवंती रांगेतून बाजूला झाली. तिने चेन उघडली आणि अंगठ्याने खटका चाचपला.

"माझा पाय मोडला असता, चैत्राली."

"माहीत आहे. सकाळपासून ऑफिसात तेच डोळ्यांसमोर येत होतं. म्हणून आले."

"इतके दिवस तू मला फोन करत होतीस. एकदा तरी सांगायचंस, की स्की ओलीच राहिली."

"आधी वाटलं, बाबांचं एवढं चाललंय, त्यात हे कशाला. आणि नंतर... नंतर नुसती भीती वाटली."

मधुवंतीने चेन लावली. मग तिने पिशवीचा पट्टा चैत्रालीच्या हातात दिला. "मी तिथे भाड्याची घेईन. हिला क्लेमेंटीला पोचव." एवढं बोलून ती गेली. मागे वळली नाही.

चैत्रालीने मला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभं धरलं, लोकांना लागू नये म्हणून दोन्ही हातांनी कवटाळून. शेजारच्या चिनी आजीबाईंनी विचारलं, "सर्फबोर्ड आह?"

"नो, आंटी. स्की."

"आइयो! सिंगापोर व्हेअर गॉट स्नो?"

चैत्राली हसली आणि हसता हसता रडायला लागली. आजीबाईंनी तिला रुमाल दिला आणि तिच्या स्टेशनपर्यंत माझं एक टोक धरून ठेवलं.

अंकल ओंगनी मला जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं. चष्मा लावून धारेवर बोट फिरवलं. "रस्ट, कॅन," ते म्हणाले, म्हणजे गंज निघेल. मग खटक्याकडे पाहून मान हलवली. "धिस वन, कॅनॉट. लेग इज नॉट टॉय."

पुढचे आठ दिवस ऑफिस सुटलं की चैत्राली बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायची. अंकलनी तिला शिकवलं, की गंज काढायचा रबर धारेवर एकाच दिशेने ओढायचा. इस्त्री एका जागी थांबू द्यायची नाही, नाहीतर तळ जळतो. पहिल्या दिवशी तिचं बोट कापलं, तरी ती थांबली नाही. मग स्कीचं सामान दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात तिने मला नेलं. कारागिराने दोन्ही पकडी बदलल्या आणि बूट अडकवून यंत्रावर तपासल्या. "पुन्हा एकदा," चैत्राली म्हणाली. त्याने पुन्हा तपासल्या.

मधुवंती परतली, तेव्हा चैत्राली दाराबाहेर कॉरिडॉरमध्येच बसली होती. ती उठली आणि एका दमात बोलू लागली.

"पकडी नव्या आहेत. हा तपासणीचा कागद. धारेवर दोन खड्डे राहिलेत, ते जाणार नाहीत. डाव्या तळावर एक ओरखडा आहे, तो जपानमधला. तोही मी तुला सांगितला नव्हता."

"अजून काही?"

"उजव्या बुटाचं एक बकल सैल आहे."

"संपलं?"

"संपलं."

मधुवंतीने तिचं चिकटपट्टी लावलेलं बोट हातात घेऊन पाहिलं. "आत ये," ती म्हणाली. "वरणभात टाकते. अंकलनाही हाक मार."

मित्रांनो, त्या संध्याकाळी तिघं जेवत होती आणि मी भिंतीला टेकून, कोरडी, मेणाचा वास लेवून उभी होते. माझ्या धारेवरचे ते दोन खड्डे आजही आहेत. त्यांच्यामुळे माझं काही अडत नाही.

तुमच्याकडे स्की नसेल. पण सायकल असेल, छत्री असेल, कोणाची तरी मागून आणलेली बॅट असेल. वस्तू ओली असेल तर आजच पुसा, नेताना तिला आणि लोकांना लागणार नाही असं धरा. आणि हातून मोडलीच, तर ती झाकून ठेवू नका. जिची आहे तिला सांगा. उशीर झाला असेल, लाज वाटत असेल, तरी धावत जाऊन सांगा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं.