गवंड्याची पहिली चिठ्ठी

चौतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग शिकवला. वरचे वर्ग देऊ केले तरी घेतले नाहीत. मूल कुणाच्याही मदतीशिवाय पहिल्यांदा सबंध वाक्य लिहितं, तो दिवस मला चुकवायचा नसायचा. ते वाक्य मी मुलाकडून मागून घ्यायचो आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. 'आमची मांजर रागीट आहे.' 'ताई मला मारते.' असले कागद. आमच्या हिला त्या डब्याचा भारी राग. "लोक घराचे कागद जपतात, आमच्याकडे रागीट मांजर जपतात," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

निवृत्त झाल्यावर तुरुंगात साक्षरतेचा वर्ग घ्यायला जाऊ लागलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दोन तास. दवाखान्याशेजारच्या कोठारात वर्ग भरायचा. समोर वीस-बावीस बाप्ये मांडी घालून बसलेले, कुणाच्या दंडावर गोंदण, कुणाच्या मिशा पिकलेल्या, पण पाटी हातात घेतली की जीभ बाहेर काढून लिहायची तऱ्हा तीच. मला ते सगळे पहिलीतलेच वाटायचे. हे नुसतं कौतुक होतं तोवर ठीक होतं.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि एक कंपाउंडर. माणूस पन्नाशीचा, कमरेचा पट्टा बांधून फिरणारा, तोंडाने तिखट. नऊशे कैद्यांचं दुखणंखुपणं त्याच्या एकट्याच्या गळ्यात.

"डॉक्टरांच्या तीन जागा मंजूर आहेत, गुरुजी," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "दोन भिंतीवरच्या तक्त्यात आहेत. तिसरी मंगळवारी येते, दहा ते बारा."

"आणि नर्स?"

"तुमच्याशी बोलतेय ती." त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "ड्रेसिंग मी, गोळ्या मी, फरशी पुसायची तर तीही मीच. पांढरी गोळी तापाला, पिवळी पोटाला. तिसरं काही झालं तर मंगळवारची वाट बघायची."

मंगळवारी डॉक्टरांसमोर जायचं तर चिठ्ठी लागायची. दाराजवळ लाकडी पेटी होती, तिला कुलूप. काय होतंय ते लिहून, तारीख घालून चिठ्ठी पेटीत टाकायची. सोमवारी संध्याकाळी कंपाउंडर पेटी उघडायचा आणि त्यातली वीस माणसं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे उभी करायचा. रोज पेटी उघडायला त्याला फुरसत नव्हती. तोंडी सांगितलेलं तो ऐकायचा नाही. ऐकू लागलो तर नऊशे जण दारात बसतील, म्हणायचा. बराकीवरचे शिपाईही निम्मेच होते. आजाऱ्याला हाताला धरून दवाखान्यात आणायला माणूस नसायचा.

ज्यांना लिहिता येत नव्हतं, ते चिठ्ठीसाठी माझ्याकडे येऊ लागले. महिनाभर मी लिहून दिल्या. मग मनात आलं, हे मी काय करतोय? मी इथे शिकवायला येतो की लेखनिक म्हणून? गरजेसारखा मास्तर नाही. वर्गात मी नियम केला : ज्याची चिठ्ठी त्याने लिहायची. अडलं तर मी आहेच, पण हात तुमचा चालला पाहिजे.

नियम फळला. तीन महिन्यांत आठ जण लिहिते झाले. एकाने 'दाढ' शब्द असा कोरून लिहिला की डॉक्टरांनी म्हणे दाढेआधी अक्षर बघितलं. मी घरी येऊन हिला सांगायचो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दाढ दुखत असताना लिहायला लावलंत?"

"म्हणून तर शिकला."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'मध्ये काय काय असतं हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

गवंडी पावसाळा संपल्यावर आला. चाळिशीचा, रुंद पंजे. मारामारीत सापडला होता, दोन वर्षांची शिक्षा. पेन्सिल थापीसारखी धरायचा. पण रेघ अशी ओढायचा, जणू दोरी लावून ओढली आहे. अक्षरं शिरोरेघेखाली विटांसारखी बसवायचा, एखादी हलली की बोटाने पुसून पुन्हा. असा विद्यार्थी मास्तरला दहा वर्षांत एकदा मिळतो. त्याला तेरा वर्षांची मुलगी होती. दर महिन्याला एका बुधवारी आजीबरोबर त्याला भेटायला यायची. तिला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

एका बुधवारी वर्ग सुटल्यावर तो मागे राहिला. "गुरुजी, चपलेनं अंगठ्याला लागलंय. चिठ्ठी द्या ना लिहून."

"तू लिही की. 'पाय' तर तुला येतो."

"पाय येतो. पुढचं येत नाही." तो हसला.

"दुखतंय फार?"

"नाही, दुखत नाही. तेच म्हणतो मी, इतकं लागून..."

"दुखत नाही ना? मग घाई कसली? नीट शिकून लिही," मी म्हणालो. आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. मुलांना मी शिकवायचो, समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

पुढचे अडीच आठवडे आम्ही त्या चिठ्ठीच्या मागे होतो. आम्ही म्हणतो, कारण मला त्यात त्याच्याइतकीच गोडी लागली होती. 'सुजला' जमायला दोन वर्ग गेले. मी खोडून द्यायचो, तो पुन्हा लिहायचा. एकदा म्हणाला, "गुरुजी, या वेळेला तुम्हीच खरडून द्या. पुढची मी लिहीन."

"कडेला आलास आणि पाण्याला भितोस?" मी म्हणालो. वर्ग हसला. तोही हसला आणि खाली मान घालून लिहू लागला.

त्याच सुमारास कोठारात वास येऊ लागला. मला वाटलं, मागची मोरी तुंबली असेल. मी खिडकी उघडायला लावली. गवंडी एक पाय फडक्यात गुंडाळून सगळ्यांच्या मागे, दाराशी बसू लागला होता. हे मी पाहिलं होतं.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी त्याने कागद माझ्यापुढे धरला. सबंध त्याचा. वर तारीख, खाली तीन ओळी :

माझा पाय सुजला आहे. अंगठा काळा पडला आहे. डॉक्टरांनी बघावे.

एक काना इकडेतिकडे नव्हता. मी तो कागद साऱ्या वर्गाला फिरवून दाखवला. टाळ्या वाजल्या. मी अक्षर वाचलं. चिठ्ठी वाचली नाही.

"ही मी ठेवतो," मी त्याला म्हणालो. "तुझं पहिलं लेखन आहे. माझ्याकडे डबा आहे, त्यात राहील. पेटीत टाकायला तू अशीच दुसरी उतरव."

"आत्ता?"

"सावकाश उतरव. घाईने अक्षर बिघडतं."

दुसरा दिवस मंगळवार होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात नव्हतं, एवढंच. घरी येऊन मी कागद हिला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "मग बघितलं का डॉक्टरांनी?"

मी म्हणालो, "बघतील." आणि कागद मांजरीच्या वाक्याशेजारी ठेवून दिला.

गवंड्याने दुसरी प्रत बुधवारी पुरी केली आणि पेटीत टाकली. पेटी उघडली पुढच्या सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी डॉक्टरांनी फडकं सोडलं, शुगर तपासली आणि ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या म्हणाले. न्यायला गाडी हवी आणि दोन शिपाई. गाडी होती. दोन शिपाई गुरुवारी मिळाले. शुक्रवारी पहाटे गुडघ्याखाली पाय कापला.

मी शुक्रवारी वर्गाला गेलो तेव्हा कंपाउंडर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. त्याला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तिकडचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आठ दिवस आधी आणला असता तर अंगठ्यावर निभावलं असतं," तो म्हणाला. "साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं कळत नाही, गुरुजी. दुखत नाही म्हणाला की आम्ही आधी चप्पल काढायला लावतो. कुणाला तरी म्हणाला असेल की तो."

मी म्हणालो, "असेल."

एवढंच म्हणालो. वर्गात जाऊन बाराखडी घेतली.

चौकशी लागली. पेटीतल्या चिठ्ठीवर तारीख होती आदल्या सोमवारची. गवंड्याने माझ्या सांगण्यावरून माझ्याकडच्या कागदाची हुबेहूब नक्कल केली होती, आणि नवशिका जशी करतो तशी, तारखेसकट. बाहेरून आलेल्या साहेबांनी कंपाउंडरला विचारलं, सोमवारची चिठ्ठी मंगळवारी डॉक्टरांपुढे का गेली नाही? तो म्हणाला, त्या सोमवारी पेटीत नव्हतीच. साहेब म्हणाले, मग तारीख खोटं बोलते का? त्याच्या हातात निलंबनाची नोटीस पडली. आठ दिवसांत खुलासा द्यायचा होता.

"काय खुलासा देऊ?" तो मला म्हणाला. "एक माणूस, नऊशे पेशंट, हा खुलासा मी सहा वर्षं देतोय. माझी नोकरी गेली तर ही खाटही भिंतीवरच्या तक्त्यात जाईल."

खरी गोष्ट एका कागदावर होती, आणि तो कागद माझ्या डब्यात होता.

मी तीन दिवस काढले. लाज वाटते ती पायाइतकीच या तीन दिवसांचीही. स्वतःशी हिशोब मांडत होतो : डॉक्टर रोज असता तर? पेटी रोज उघडली असती तर? गुरुवारऐवजी मंगळवारीच दोन शिपाई असते तर? सगळं खरं होतं. प्रत्येक 'तर'मागे मला उभं राहायला पुरेशी जागा होती. चौथ्या दिवशी ही डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली.

अधीक्षकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. माणूस सज्जन होता. "गुरुजी, तुम्ही आमच्या स्टाफवर नाही," ते म्हणाले. "तुमच्यावर काही कारवाई होत नाही. आणि तुम्ही नाराज होऊन गेलात तर वर्ग बंद पडेल. कंपाउंडरचं मी बघतो काहीतरी."

"काहीतरी नको," मी म्हणालो. "मला कागद द्या."

पहिला जबाब दीड पान झाला. त्यात डॉक्टरांच्या रिकाम्या जागा होत्या, माझी चौतीस वर्षं होती, साक्षरतेचं महत्त्व होतं. वाचून पाहिलं तर अक्षर सुंदर आलं होतं. तो फाडला. दुसऱ्यात चारच ओळी लिहिल्या : त्याने मला अडीच आठवडे चिठ्ठी मागितली, मी दिली नाही, लिहिलेली काढून घेतली, दुसरी बुधवारी पडली. खाली सही आणि तारीख. कंपाउंडरची नोटीस मागे घेतली गेली. त्याने मला धन्यवाद दिले नाहीत. बरंच झालं.

गवंडी पाच आठवड्यांनी कुबड्यांवर वर्गात आला. पोरांनी, म्हणजे त्या बाप्यांनी, त्याला पुढे जागा करून दिली. वर्ग सुटल्यावर तो थांबला.

"गुरुजी, ती पहिली चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे? मुलीला दाखवायचीय. माझ्या हातची म्हणून."

"ती सरकारी फायलीत आहे."

"का हो?"

मग मी सांगितलं. अंगठ्यापासून मंगळवारपर्यंत, काही न गाळता. तो खिडकीकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे त्या मंगळवारी डॉक्टर आले होते?"

"आले होते."

"किती वाजता?"

"दहाला."

"मी दहाला दुसरी चिठ्ठी लिहीत होतो," तो म्हणाला. "'काळा'चा काना वाकडा आला, म्हणून पुन्हा घेतली."

बाहेर शिपायाने वेळ झाल्याची हाक दिली. गवंड्याने कुबड्या उचलल्या आणि गेला. पुढचे तीन वर्ग तो आला नाही. मीही कुणाला विचारलं नाही. त्या दिवसांत जो चिठ्ठी मागेल त्याला मी लिहून देत होतो, बसल्या जागी, मिळेल त्या कागदावर, आणि स्वतः नेऊन पेटीत टाकत होतो. पेटी आता कंपाउंडर रोज उघडतो. त्याच्या कमरेचं काय होतं ते तोच जाणे.

चौथ्या वर्गाला गवंडी आला. वही आणली नव्हती. माझ्यासमोर बसला, कुबड्या शेजारी नीट समांतर ठेवल्या.

"मुलीला पत्र लिहायचंय," तो म्हणाला. "अजून तिला कळवलं नाही. आजारी आहे म्हणून दोनदा भेट टाळली."

मी पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती उचलली, आणि परत माझ्या हातात दिली.

"तुम्ही लिहा. मी सांगतो."

त्याला लिहिता येत होतं. माझ्यापेक्षा सरळ. मी कागद ओढला.

"लिहा, माझा पाय कापला. गुडघ्याखाली. घाबरू नकोस."

मी लिहिलं.

"लिहा, वेळेवर दाखवता आला नाही."

मी लिहिलं. "का, ते लिहू?"

त्याने थोडा विचार केला. "पत्रात नको. ती विचारीलच. येत्या बुधवारी येतेय. तुम्ही त्या वेळी इथेच असता ना?"

"असतो."

"मग तिला तुम्हीच सांगा, गुरुजी." आणि मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "पुढे लिहा. चपला काळजीनं घालत जा."

मी लिहिलं.