तूर्तासचा लॅपटॉप

"अहो, ती वायर नको!" अंबरीष ओरडला तो चक्क मराठीत.

सफाईवाल्या मात्सुदा-सानना मराठी कुठून कळणार? त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर लावायला प्लग उपटला आणि टेबलाखालचा जुना लॅपटॉप विझला. बॅटरी त्याची कधीच मेली होती. झाकणावर जपानीत चिठ्ठी डकवलेली: 'बंद करू नये' आणि खाली 'अंबरीष'.

बाईंनी कमरेत वाकून वाकून माफी मागितली. अंबरीषने प्लग परत लावला, पण ते म्हातारं मशीन जागं व्हायला दहा मिनिटं घेई. आणि हाताशी होते दोनशे साठ सेकंद!

कावासाकीच्या या गोदामात साठ पडद्यांवर कॅमेऱ्यांची चित्रं चालत. ज्याला जे चित्र हवं त्यालाच ते पोचवायचं, हे नेटवर्कच्या स्विचचं काम. त्यासाठी कुणीतरी दर दोन मिनिटांनी सगळ्यांना विचारावं लागतं, 'अजून हवंय का?' पडदे 'हो' म्हणतात, स्विच ते कान देऊन ऐकतो आणि चित्र चालू ठेवतो. दोनशे साठ सेकंद कुणी विचारलंच नाही, तर पडदेही गप्प. मग कुणाला काही नको असं समजून स्विच सगळं बंद करतो. सहा वर्षांपूर्वी विचारणारं यंत्र बिघडलं, तेव्हा अंबरीषने आपला लॅपटॉप त्या कामाला बसवला. तूर्तास.

हा शब्द त्याच्या पाचवीलाच पुजलेला. जपानलाही तो तूर्तासच आला होता, अकरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी बायको यामिनी आणि मुलगी ओजस्वी पुण्याला परतल्या, तेव्हा ग्योतोकु स्टेशनवर तो म्हणाला होता, "यामिनी, तीन महिने दे. मी गेलो तर इथे सगळं ठप्प होईल गं." मग यामिनी रोज फोनवर विचारायची, "येतोयस?" आणि हा म्हणायचा, "बघतो." गेले नऊ दिवस तिने विचारलं नव्हतं. त्याची त्याला भीती वाटत होती.

दोनशे सेकंद झाले. दोनशे साठ. तीनशे. साठच्या साठ पडदे मजेत चालू!

अंबरीषने घाईघाईने स्विच तपासला. कोण विचारतंय? नेटवर्कमधला पत्ता दुसराच होता. मुख्य स्विच नवा बसला, तेव्हापासून तोच विचारत होता. दोघे विचारणारे असले, की ज्याच्या पत्त्याचा आकडा लहान तो विचारतो, दुसरा गप्प बसतो. लॅपटॉप तीन वर्षं मुका होता. अंबरीष रोज पडद्यांची यादी बघायचा. विचारणाऱ्याचा रकाना बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. का आलं नव्हतं, हे त्याने मनालाही विचारलं नाही.

मात्सुदा-साननी घाबरून साहेबांना बोलावलं होतं. साहेब, म्हणजे कोंदो-सान, पडदा बघून म्हणाले, "हो. मला ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

कोंदो-सान बुटांकडे बघत म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी येऊन त्याची धूळ पुसता, अंबरीष-सान. वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. जिन्यात जाऊन त्याने पुण्याला फोन लावला.

"यामिनी, सुटलो मी इथून."

"हो? कुणी सोडलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "कुणी धरलंच नव्हतं गं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आता ती विचारेल म्हणून त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"बरं," यामिनी म्हणाली. "ओजस्वीला क्लासला सोडायचंय. ठेवते."

तो परत आला तेव्हा लॅपटॉप जागा झाला होता. अंबरीष खाली बसला आणि नखाने चिठ्ठी सोलू लागला. गोंद जुना होता. 'बंद करू नये' तेवढं हातात आलं, नाव झाकणालाच चिकटून राहिलं.