नेडाच्या फ्रॉकवरचा बिल्ला

मी एक बिल्ला. आगपेटीहून लहान, पाठीला टाचणी, पोटात काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्मची पट्टी. अणुबॉम्बचे किरण अंगावर आले की ती आतल्या आत काळवंडते; पण फिल्म धुतल्याशिवाय कुणाला दिसत नाही. म्हणजे ठाऊक सगळं, आणि तोंड नाही. दुसऱ्यानं वाचून सांगायचं.

एकोणीसशे त्रेपन्नच्या वसंतात, युटातल्या एका मेंढपाळ गावात, हॉलिस नावाच्या सरकारी माणसानं मला तिथल्या व्हर्ला या गृहिणीच्या हाती दिलं. डोंगरापलीकडे नेव्हाडात बॉम्बच्या चाचण्या चालल्या होत्या.

"रशिया काय गप्प बसलाय होय, बाई? आपण थांबलो की तो पुढं. तुम्ही फक्त हा लावून हिंडा."

"आणि वाईट काही निघालं तर?"

"तर आधी तुम्हाला सांगेन. शब्द देतो."

व्हर्लाची बहीण आयडाहोत होती, 'पोरीला घेऊन निघून ये' म्हणून मागं लागलेली. व्हर्लानं ठरवलं, बिल्ला वाईट म्हणाला तर जायचं.

"आता पावसुद्धा बिल्ल्याला विचारून भाजणार वाटतं!" नवरा डेल्मर हसला.

"तुझ्यापेक्षा शहाणा दिसतो तो."

मी फुशारलो, खोटं कशाला बोलू!

मे महिन्यातल्या एका स्फोटाच्या पहाटे तिनं मला स्वतःच्या एप्रनवरून काढलं आणि चार वर्षांच्या नेडाच्या फ्रॉकवर टोचलं. "माझं काय मेलीचं! पोरीचं कळायला हवं."

दोन-तीन तासांनी ढग आला. वाळत घातलेल्या चादरींवर, मोटारीच्या टपावर पिठासारखी राख बसली. नेडानं तिच्यात बोटानं मांजर काढलं आणि बोट चाटलं. व्हर्ला धावत आली, पोरीला दोनदा न्हाऊ घातलं. तोवर माझं पोट काळंठिक्कर पडलं होतं.

महिनाअखेर मला धुतलं. हॉलिसनं मला दिव्यासमोर धरून काळेपणावरून किरणांचा आकडा काढला. "अरे देवा," तो पुटपुटला.

त्याचा साहेब म्हणाला, "हा आकडा बाहेर गेला तर चाचण्या बंद पडतील. रशियाचंच फावेल. खराब झाला म्हणून लिही."

हॉलिसनं लिहिलं. मग मला पाकिटात घालून तो व्हर्लाकडे गेला.

"बिल्ला वाया गेला, बाई. उन्हात राहिला असणार. काळजीचं काही नाही."

व्हर्लाचा चेहरा पडला. "न्हाऊ घालताना फ्रॉक काढला... तेव्हा खिडकीत ठेवला का मी? माझं हे असंच! एक काम धड होईल तर शपथ." आणि तिनं त्याची माफी मागितली! वर लिंबाचं सरबत दिलं. तो प्यायलासुद्धा.

बहिणीला तिनं कळवलं, 'सगळं ठीक आहे, येत नाही.'

आता मी एका सरकारी कपाटात, फायलीत टाचलेला आहे. माझ्यावर व्हर्लाची पत्रं साठतात. शेवटचं आलं तेव्हा नेडाला नववं लागलं होतं. 'तिच्या गळ्याला गाठ आली आहे. पोरीवर किती किरण पडले, असं डॉक्टर विचारतात. त्या दिवशी मी बिल्ला नक्की कुठे ठेवला होता, तुमच्याकडे लिहिलेलं आहे का? माझ्या हलगर्जीपणामुळे कळायचं राहून गेलं, क्षमा असावी.'

कुणी उत्तर दिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी हे कपाट उघडलं, तर माझा आकडा मागाहून वाचा. आधी त्या बाईला दोन ओळी लिहा. तिची काही चूक नव्हती म्हणावं.