पालथी बादली

"चार दिवस थेंब घातला नाही मी. मग हा चिखल आला कुठून?"

"मला काय विचारतेस? तुझा कोपरा, तुझी काकडी."

कुंपणापलीकडचं हे भांडण सकाळी सकाळी माझ्या चहात येऊन पडलं. नवरा-बायको दोघं कष्टाळू, पण एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. नवऱ्याला गाव 'आत्ताच' म्हणतं. कुठलंही काम सांगा, "आत्ताच करतो" म्हणत तो उठलेलाच असतो. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्याच वर्गात होता. गणित फळ्यावर लिहून व्हायच्या आत त्याचा हात वर. उत्तर चुकायचं, पण पहिला हात त्याचाच.

"बाई, तुम्हीच या," बायकोने कुंपणावरून हाक दिली. "यंदाही कोपरा गेला तर हे तिथे चारा लावणार आहेत. तसं सांगूनच टाकलंय."

शेताचा तो खालचा कोपरा तिने हट्टाने मागून घेतला होता. मागची दोन्ही वर्षं काकडी फुलावर आली की बसायची. यंदा सव्वीस वेल होते. मी जाऊन बघते तर खालची पानं पिवळी, आणि वरची सकाळच्या गारव्यातसुद्धा मान टाकून. मातीत बोट खुपसलं. लोण्यात जावं तसं गेलं आणि बाहेर आलं ते आंबूस वास घेऊन. एक मेलेला वेल उपटला. मूळ पांढरं हवं, ते तपकिरी. चिमटीत धरलं तर साल सुटून हातात आली.

"ही तहान नाही गं," मी म्हणाले. "गुदमरलंय. मुळांनाही हवा लागते."

"मग तहानल्यासारखी पानं का पडतात?"

"तहानलेला हात हलवून बोलावतो, बुडणाराही हात हलवतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. जवळ जाऊन बघावं लागतं."

"पण बुडवलं कोणी? बादली तर पालथी आहे."

ही त्यांच्या घरची खूण. ती पहाटे माती बघून गोठ्यावर दूध काढायला जाते, तो दुपारी गिरणीतून जेवायला येतो. भेट रात्रीच. म्हणून बादली सुलटी असेल तर त्याने पाणी घालायचं, पालथी असेल तर हात लावायचा नाही. चारही दिवस तिने ती पालथी ठेवली होती, आणि परत आली तेव्हाही ती पालथीच होती.

मी बादली उचलली. आत तळाला काकडीचं एक पिवळं पान चिकटलेलं, अजून ओलं.

"चार दिवस न वापरलेल्या बादलीत हे पान कधी गेलं रे?"

आत्ताचने कान खाजवला. चौथीतही उत्तर चुकलं की असाच खाजवायचा.

"दुपारी येतो तर पानं लुळी पडलेली," तो म्हणाला. "बादली पालथी. म्हटलं, ही विसरली. बोललो तर भांडण होणार. म्हणून पाणी घातलं आणि बादली होती तशी ठेवली."

बायकोने बादलीतलं ते पान काढून हातात घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "गेल्या वर्षी?"

तो कुंपणाकडे बघू लागला.

"त्याच्या आधीच्या वर्षी?"

"तुला मदत म्हणूनच की..."

"दोन वर्षं मी बियाण्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "मातीला दिल्या. माझ्याच हाताला यश नाही म्हणाले. आणि तुम्ही जेवताना मान हलवत होतात."

मला त्याच्यापेक्षा माझा राग आला. चार वर्षं शिकवलं आणि आधी गणित वाच, एवढं काही शिकवता आलं नाही.

कुदळ त्याच्याच हातात दिली. खालच्या अंगाला चर खणवला. पंधरा वेल गेले होते, ते काढायला लावले. वरच्या अंगाला, जिथे पाणी साचत नव्हतं, तिथले अकरा उरले.

"आता दिवसभर इथेच बस. थेंब घालायचा नाही."

दुपारी अकराही वेलांनी पानं खाली सोडली. "बाई, मरतायत."

"मरत नाहीत. ऊन पानातून जेवढं ओढतंय, तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून पान अंग चोरतंय. दुपारी तूही ओसरीवर आडवा होतोस. तेव्हा कोणी तुझ्यावर बादली ओततं का?"

"एक तांब्या तरी?"

"बस खाली."

तो पालथ्या बादलीवर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ऊन कललं तशी पानं एकेक करून वर आली. तो बघत राहिला, आणि चेहरा असा, जणू कोणीतरी त्याला तीन वर्षं फसवत होतं.

"दुपारचं पान बघून पाणी द्यायचं नाही," मी म्हणाले. "सकाळचं पान बघायचं, आणि बोटभर माती."

पुढचा महिनाभर रोज जेवून उठला की तो त्या बादलीवर बसलेला दिसायचा.

"काय करतोस रे?"

"काही नाही करत, बाई," तो वैतागून म्हणायचा. "फार कठीण आहे हो."

पहिली काकडी उतरली ती बायकोने कुंपणावरून मला आणून दिली. तो मागेच उभा होता, हात पुढे करून.

"यांना पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "घाई काय आहे?"