कोडची पाळी

आमच्या दुकानाच्या फोनवर बाप्ये माणसं विचारतात, "वैनी, माझी पाळी कधी?" सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मूग निवडता निवडता सूपच खाली ठेवलं त्यांनी आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला हसावं का रडावं कळेना. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

पाळी म्हणजे कालव्याच्या पाण्याची असते तशी. आज वरच्या मळ्याची, उद्या खालच्या. आमच्याकडे ती गेमची. एक दिवस तळेघरच्या संपतची, एक दिवस आणे गावच्या दादाभाऊची, अशी आठवडाभर वाटून दिलेली. ही अक्कल माझ्या नवऱ्याची, कल्पेश शेठची. लोक त्यांना शेठ म्हणतात, आणि मी चिडले की मीपण शेठच म्हणते. हल्ली बऱ्याच वेळा म्हणते.

आमचं कंप्युटरचं दुकान नारायणगावात, वारूळवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला. एके काळी भिंतभर गेमच्या सीड्या होत्या. बाजारच्या दिवशी पोरं काचेला नाक लावून उभी राहायची आणि मी त्यांना हाकलून हाकलून दमायचे. मग सीड्या गेल्या. नवीन कंप्युटरला सीडी घालायची खाचच येईना. सगळे गेम नेटवरच्या दुकानात. तिथे खातं उघडायचं, विकत घ्यायचं, उतरवून घ्यायचं, झालं. ज्यांच्या घरी चांगलं नेट त्यांनी आमच्या दुकानाची पायरी चढायचं सोडून दिलं, आणि खरं सांगते, मला त्यांचा राग नाही आला. मीपण साड्या मोबाईलवरच बघते.

डोंगराकडच्या लोकांकडे मात्र ना तसं नेट, ना पैसे भरायला बँकेचं कार्ड. ते सीपीयूच गोणीत बांधून एसटीने आणायला लागले. "शेठ, दळण ठिवून जातो, सांच्याला नेतो." गिरणीत डबे लावावेत तसे आमच्याकडे सीपीयू ओळीने लागायचे. आणि गेम कोणाच्या खात्यावर घ्यायचा असं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमच्याच खात्यावर टाका की राव."

त्यांना तरी काय बोलणार? सासऱ्यांच्या, म्हणजे बन्सीलाल शेठच्या किराणा दुकानात बापजाद्यांपासून हेच चाललेलं. खातं दुकानदाराचं असतं, गिऱ्हाइकाचं त्यात नाव असतं. नेटवरच्या दुकानाला ही रीत कुठे माहीत? त्यांच्या लेखी ज्याचं खातं त्याचेच सगळे गेम, आणि एका वेळी एकानेच खेळायचं. दुसरा आत शिरला की पहिला बाहेर. मोजून दोनदा भांडणं झाल्यावर कल्पेशनी पाळ्या लावल्या. त्यात आणखी कोडची भानगड. खात्यात शिरायला आकडे लागतात, ते कल्पेशच्या मोबाईलमधल्या ॲपवर येतात आणि अर्ध्या मिनिटात बदलतात. म्हणून ज्याची पाळी त्याने फोन करायचा, शेठनी कोड सांगायचा. जेवताना, आमच्या जैन देरासरात, माझ्या भाचीच्या लग्नात मांडवात उभं राहून यांनी कोड सांगितलेत.

एवढं सगळं करून दुकानात येत काय होतं? कोणाला कीबोर्ड हवा, कोणाचा चार्जर गेला. बाकी दिवसभर मी पंख्याची पाती पुसायची आणि हे त्या खात्यासमोर बसून राहायचे. मला कंटाळा आला होता. साधा नाही, हाडात मुरलेला. सकाळी शटर वर करताना वाटायचं, हे आज आपोआप खाली पडलं आणि परत उघडलंच नाही तर किती बरं होईल.

आणि नेमकी तेव्हा चाकणची नोकरी आली. माझ्या भावाच्या ओळखीने. मोठं गोदाम, तिथल्या ऑफिसातले कंप्युटर बघायचे, नारायणगावातून न्यायला-आणायला बस. गाळ्याच्या मालकालाही चष्म्याच्या दुकानासाठी गाळा हवाच होता. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मला तर वाटलं देवानेच पाठवली.

शेठ म्हणाले, "आत मोबाईल नेऊ देत नाहीत."

"मग?"

"मग कोड कोण देणार? लोकांचे गेम माझ्या खात्यावर आहेत, चेतना. विश्वासाने टाकलेत त्यांनी."

"मी देईन की."

"तू त्यांच्यावर खेकसतेस."

खेकसते, खोटं कशाला बोलू. "मग ज्याचे त्याला वाटून द्या," मी म्हणाले. ते म्हणाले, कंपनीला लिहून झालंय. खात्यातून गेम काढून दुसऱ्याला देता येत नाही. जणू लग्न झालेल्या मुलीचं सासर बदलून मागितलं होतं, असं कंपनीचं उत्तर ते मला दाखवत होते. मी ताट आपटलं आणि उठले. सतरा वर्षं मी या माणसाच्या भिडस्तपणाचा संसार केला. आलेल्या नोकरीवर पाणी सोडायचं, ते कशासाठी, तर कोणीतरी डोंगरात बसून गेममधला ट्रक पळवणार म्हणून.

शनिवारी सकाळी त्यांना म्हणाले, मंचरला मावशीकडे जाऊन येते, आणि भीमाशंकरच्या एसटीत बसले. ठरवलं होतं, संपतलाच गाठायचं. तो सगळ्यात नेमाचा. त्याचा फोन कधी चुकला नाही. जीपवर ड्रायव्हर होता, हिरड्याच्या झाडावरून पडून पाय अधू झाल्यापासून गाडी सुटली, म्हणून कल्पेशनी त्याला ट्रकचा गेम घेऊन दिलेला. त्याने एकदा सोडतो म्हटलं की बाकीचे हूं की चूं करणार नव्हते. त्याला काय सांगायचं ते मी घोडेगावपर्यंत मनात घोकलं, डिंभ्याच्या पुढे घाट लागल्यावर पुढच्या सीटची दांडी धरून बसले आणि सगळं विसरले.

तळेघरच्या अलीकडे कंडक्टरने मला एका वळणावर उतरवलं. संपतची वाडी वर, डोंगराच्या कुशीत. वळणावर दगडी कठड्याला टेकून एक बाई फोनवर बोलत होती. मी कल्पेशला पोचल्याचं सांगायला फोन काढला, मग आठवलं की मी मंचरला आहे, आणि तसाच परत ठेवला. ती बाई म्हणाली, "बोलायचं आसंल तर हितंच बोला पावणं. वर रेंज न्हाई. टावर बंद पडून दोन पावसाळं झालं."

मी चढायला लागले. भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, नाचणीचे बुडखे, पायवाट सगळी दगडगोट्यांची. माझ्यासारखीला दम लागला. अर्ध्यात एका दगडावर बसले, खाली वळण बघितलं, वर घरं बघितली, आणि तिथंच मला सुचलं की हे कसं शक्य आहे. फोन खाली लागतो. कंप्युटर वर. आकडा अर्ध्या मिनिटात मरतो. धडधाकट माणूस पळत सुटला तरी घरी पोचेपर्यंत कोडचा काही उपयोग नाही. आणि संपत तर काठी टेकत चालतो.

घरी तो नव्हता, रानात गेला होता. त्याची बायको रत्ना मला बघून इतकी गडबडली की आधी पाणी द्यावं का घोंगडी टाकावी तिला सुचेना. भाकरी टाकायला बसली. "वैनी, कांदा-लसूण घालीत न्हाई बरं का. शेठ आल्ते तवा म्हाईत झालंय." मी म्हणाले, कंप्युटर कुठाय? तिने मान खाली घातली.

फळीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. वर बियाण्याचं गाडगं.

"वीज पडली तवा जळालं त्यातलं काय तरी," रत्ना म्हणाली. "मागल्या सालच्या पावसात."

"मग दुकानात नाही आणला?"

"शेठ पैसं घेत न्हाईत आमच्याकडून. किती येळा फुकट न्यायचं? ह्यांना लाज वाटती."

"आणि दर आठवड्याला कोड कशाला मागतो तो?"

ती पीठ मळत राहिली. मी परत विचारलं, जरा चढ्या आवाजात, मला तसंच येतं. तेव्हा ती म्हणाली, "ह्ये म्हणत्यात, दुकान न्हाई चालत शेठचं. सगळ्यांनी सोडलं. आपुन बी फोन बंद केला तर त्यांच्या जिवाला लागंल. म्हणून जात्यात वळणावर. आमी म्हणलं, कशाला पाय मोडता? तर न्हाई ऐकत." मग मान वर करून म्हणाली, "वैनी, शेठला सांगू नका. भीड वाटती ह्यांना लई."

भीड. हा एक शब्द ऐकला आणि मला तिथं चुलीपुढं बसून रडू आलं. धुराने आलं असं मी म्हणाले. गरम भाकरी, घेवड्याची भाजी, सगळं पुढ्यात होतं आणि मी नुसती भाकरी कुस्करत बसले. तो पाय ओढत वळणापर्यंत यायचा, तिथं थंडी-पावसात उभा राहायचा, आमच्याकडून आकडे ऐकून घ्यायचा, "बरं झालं शेठ, आज मजा येईल" म्हणायचा आणि रिकाम्या हाताने परत डोंगर चढायचा. आणि मी त्याच्यावर खेकसायचे.

एसटी उशिरा आली. घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता, आणि मावळल्यावर आम्ही जेवत नाही, म्हणजे माझं जेवणही गेलं. पोटात कावळे, पाय भरून आलेले. कल्पेश एकटेच बसले होते. मी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. मंचर नाही, तळेघर. वळण, लुगडं, गाडगं, सगळं. मला वाटलं होतं ते कोसळतील. मी त्यांचा हात धरायच्या तयारीत होते.

ते म्हणाले, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"खात्यात कोणी आलं की माझ्या स्क्रीनवर दिसतं, चेतना. कोड देतो, वाट बघतो. कोणी येत नाही. वर्ष झालं, माझ्याशिवाय त्या खात्यात कोणी शिरलेलं नाही. संपत नाही, दादाभाऊ नाही, कोणीच नाही."

"आणि तुम्ही कोड देत बसलात?"

"ते इतक्या मायेने मागतात. नको मागू असं कसं सांगायचं?"

मी डोकं धरून खाली बसले. दोन्हीकडे भीड, आणि मधल्यामध्ये माझ्या आयुष्याचा चोथा. तोंडात शिव्या येत होत्या पण त्या द्यायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. "मग नोकरीला नाही का म्हणत होतात?" मी विचारलं. "कोडचं तर निमित्तच होतं ना?"

त्यांनी उठून मोबाईल चार्जिंगला लावला. मग म्हणाले, "इथे अजून मला शेठ म्हणतात गं. तिथे गळ्यात कार्ड घालून रांगेत उभं राहायचं. पंचेचाळीसाव्या वर्षी." आणि हसले, नेहमीसारखे, दुसऱ्याला त्रास होऊ नये असे. मला फार वाईट वाटलं त्यांचं. एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

"जाईन," ते म्हणाले. "सोमवारी हो सांगतो. पण संपतला मी नाही सांगू शकत. त्याचा उद्या फोन येईल."

ते काम माझ्यावरच येणार हे मला ठाऊक होतं. रविवारी फोन वाजला तेव्हा हे शेजारीच, पण हात मांडीवर ठेवून बसले. मी उचलला. पलीकडून वारा ऐकू येत होता. रत्नाने त्याला सांगितलं होतं का नव्हतं, देव जाणे. तो म्हणाला, "वैनी, माझी पाळी हाय आज."

मी खेकसले नाही. "संपतभाऊ, पाळ्या बंद झाल्या," मी म्हणाले. "शेठ चाकणला नोकरीला लागतायत. आता एवढं उतरून येत जाऊ नका."

वारा तेवढा वाजत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "शेठला वाईट न्हाई ना वाटलं?"

आणि त्याच वेळी शेजारून माझी बाही ओढून हे कुजबुजले, "त्याला वाईट नाही ना वाटलं?"

दोघांनाही मी एकदमच "नाही" म्हणाले. फोन ठेवला, आत गेले आणि दार लावून घेतलं.