लांबून बोलणारा

सकाळी सासूबाईंनी उशाखाली हात घातला, प्लेअर बाहेर काढला, अंगठ्याने चाचपून मधलं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग बंद पडलेलं घड्याळ हलवून बघावं तसा तो कानाशी नेऊन हलवला.

"अगं," त्यांनी हाक मारली, "हा बोलत नाहीये."

सून ओल्या कपड्यांची बादली घेऊन दाराशी पोचली होती. एक पाय उंबऱ्याबाहेर होता. रोज या वेळेला ती गच्चीवर जायची. कपडे नसले तरी जायची. कोरडे कपडेसुद्धा तिने कितीदा तरी उगाच झटकून पुन्हा वाळत घातले होते. प्लेअर चालू व्हायच्या आत घराबाहेर पडायचं, हा सासूबाईंच्या नेमासारखाच तिचाही नेम होऊन बसला होता. फक्त तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

सासूबाईंचा नेम मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होता. प्रार्थना झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या ती पुस्तकात बघून वाचायच्या. पाठ असली तरी बघूनच. पुढे डोळे गेले. तेव्हा लेकाने सगळी प्रार्थना स्वतः वाचून रेकॉर्ड केली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी थोडी थोडी वाचली, एका कार्डात भरली, कार्ड या मुठीत मावणाऱ्या प्लेअरमध्ये घातलं आणि प्लेअर आईच्या हातात दिला. "आता तू ऐक, मी वाचतो," म्हणाला. नंतर एक दिवस तो कामावरून परत आला नाही. छातीत कळ आली आणि तिथेच बसल्या जागी गेला. प्लेअर वाचतच राहिला.

तो गेला त्याच आठवड्यात एकदा सून पीठ मळत होती. बाहेरच्या खोलीत त्याचा आवाज सुरू झाला आणि ती सवयीने "आले हो" म्हणाली. म्हणाली आणि हात पिठात तसेच राहिले. बाहेर सासूबाईंनी ते ऐकलं. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले होते. तेव्हापासून ती गच्ची.

तिने बादली खाली ठेवली. प्लेअर हातात घेतला तर त्याची पाठ फुगली होती. आतली बॅटरी सुजून झाकण वर आलं होतं.

"संपला, आई. बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावायचीसुद्धा भीती."

"आणि तो?"

"ते कार्डात आहेत. कार्डाला काही झालेलं नाही."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. सुनेने ताट वाढून आणलं, गोळी शेजारी ठेवली. सासूबाईंना साखरेचा आजार होता. उपाशीपोटी राहू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सुनेला बजावून सांगितलं होतं. मागे एकदा जेवण लांबलं तेव्हा त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या होत्या.

"आज मी वाचते प्रार्थना. पुस्तक आहे ना घरात."

"तू वाच. देवाला चालेल. देव कुणाचंही ऐकतो." सासूबाईंनी ताट हाताने दूर सारलं. "माझंच तसं नाही गं."

सुनेच्या फोनला त्या कार्डाची जागा नव्हती. शेजारीण चौकशीला आली होती. तिच्याही फोनचं तेच. "कसले मेले नवे फोन," शेजारीण म्हणाली, "सगळं दाखवतात आणि पोटात काही घेत नाहीत. तू जा बाजारात, मी बसते यांच्यापाशी. जाताना बेकरीत कळवून जा, नाहीतर तुझा मुकादम बोंबलेल." आणि मग सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने, "खात नाहीत म्हणजे काय! लहान मुलाचे लाड परवडले."

"ऐकू आलं हो," सासूबाई म्हणाल्या.

"यावं म्हणूनच बोलले!"

इलेक्ट्रिक सामानाच्या चार दुकानांत नकार मिळाला. पाचवं बाजाराच्या पार टोकाला, चाव्या करणाऱ्याच्या शेजारी होतं. आत माणूस उभा राहील एवढीच जागा, बाकी वायरींची जाळी. दुकानदाराने चष्मा कपाळावर ठेवला होता आणि तोच तो टेबलावर शोधत होता.

"प्लेअर हवाय. लहान. फार महागातला नको. कार्ड बसलं पाहिजे, स्वतःचा स्पीकर पाहिजे आणि बटणं हाताला लागली पाहिजेत."

"ताई, आता हे कोण घेतं? सगळ्यांच्या फोनमध्येच असतं सगळं."

"ज्यांना हवाय त्यांना दिसत नाही."

दुकानदाराने चष्मा शोधायचं सोडलं. एका खोक्यातून त्याने पाच-सहा प्लेअर काढून काचेवर ओळीने मांडले. "हा बघा, आरशासारखा गुळगुळीत. दिसायला राजपुत्र."

सुनेने डोळे मिटले आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. कुठे काही लागलं नाही. तिने तो बाजूला केला. दुसऱ्याची बटणं इतकी जवळजवळ की एक दाबावं तर तीन दबतील. तिसऱ्याला मागे चिमटा होता, सासूबाईंच्या पदराला लावता आला असता, पण त्याला स्पीकर नव्हता, नुसत्या कानात घालायच्या वायरी. कानात काही घातलं की सासूबाईंना घर नाहीसं झाल्यासारखं वाटायचं. ती डोळे मिटून एकेक चाचपत राहिली.

"ताई, झोप लागली की काय?"

"नाही हो. बघतेय."

शेवटी दोन उरले. दोन्हींचं मधलं बटण खोलगट होतं, बोट आपोआप तिथे जाऊन बसायचं. एक अगदी स्वस्तातला, हलका, प्लास्टिकचा. दुसरा त्याहून थोडा वरचढ, पण परवडेल असा.

"आता आवाज ऐका, म्हणजे कळेल. कार्ड आणलंय ना?"

तिने पदराच्या गाठीतून कार्ड काढलं, त्याच्या हातावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. "तुम्हीच ऐका. कानाला लावून ऐका आणि मला सांगा."

"मी? अहो, ऐकणार तुमच्या घरी."

"तुम्हीच ऐका, दादा."

तिचा चेहरा बघून त्याने कार्ड घातलं, आवाज बारीक केला. आधी स्वस्तातला कानाशी धरला. तोंड वाकडं केलं. "पत्र्यावर बसून कुणी बोलतंय असं वाटतं." मग दुसरा लावला. जरा वेळ ऐकला. हळूहळू त्याची मान एका बाजूला कलली. रस्त्यावरून टेम्पो गेला, चाव्यावाल्याची कानस खरखरली आणि सून काचेतल्या तारांकडे बघत राहिली. तिच्यापासून हातभर अंतरावर, एका परक्या माणसाच्या कानात, तो बोलत होता.

"ताई, हाच घ्या," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. "इथे शेजारी बसून वाचतोय जणू. श्वास घेतलेला कळतो. कोण आहेत हे?"

"हाच द्या," ती म्हणाली.

अशी तिने ती वस्तू न ऐकताच घेतली. भांडंसुद्धा वाजवून घेणारी बाई ती. चांगल्यात चांगलं ते सासूबाईंना, एवढंच तिच्या मनात होतं आणि त्यात काही चुकेल असं तिला वाटलंच नाही.

घरी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते. शेजारीण तिला दारातच म्हणाली, "पाण्यापलीकडे काही नाही घेतलं. साखर घातलेलं पाणी दिलं तर ओठाला लागताच ओळखलं बाईने. मी डॉक्टरांना निरोप पाठवते," आणि लगबगीने गेली.

सुनेने कार्ड बसवलं, प्लेअर सासूबाईंच्या हातात दिला, त्यांचं बोट खोलगट बटणावर नेऊन ठेवलं. गच्चीवर जायला ती वळली, पण त्यांचा हात इतका कापत होता की त्यांना बटणच दाबता येईना. तिने ते दाबून दिलं. म्हणून ती तिथेच सापडली.

तो खोलीत बोलला. घसा खाकरून, खुर्ची पुढे ओढून, पहिली ओळ. आवाज भरदार, थोडा सर्दावलेला, रेकॉर्डिंगच्या त्या वर्षभर तसाच असायचा तो. तिच्या जिभेवर "आले" हा शब्द येऊन थडकला. तिने ओठ दातांखाली धरले.

सासूबाईंनी प्लेअर हातातून टाकून दिला.

"हा कोण?"

"आई, तुमचा लेक."

"नाही. बंद कर. हा कुणी जिवंत माणूस आहे. कोण आणून बसवलाय घरात?" त्या भिंतीला आणखी मागे रेटत गेल्या. "माझा असा बोलत नाही. माझा लांबून बोलतो."

सुनेने बटण दाबलं. तिला सगळं एकदम उमजलं. जुना प्लेअर किती वेळा हातातून पडला होता, त्याचा स्पीकर केव्हाच फाटला होता. त्यातून येत होता तो लेकाचा आवाजच नव्हता. पण रोज तेवढाच ऐकून म्हातारीने मनात तोच लेक उभा केला होता. खरखरीत, बारीक, दूरचा. गेलेला माणूस दूरच असायचा. हा अंगावर आलेला, श्वास घेणारा, त्यांना भूत वाटला होता.

"दुकानात परत जाते. दुसरा आणते," ती म्हणाली आणि उठली. तेवढ्यात सासूबाईंची मान खांद्यावर कलली. तिने धावत जाऊन त्यांना सावरलं, गालावर पाणी मारलं. डोळ्यांच्या पापण्या हलल्या.

"एक घास घ्या, आई. तुमच्या पाया पडते."

"तो आल्यावर," सासूबाई पुटपुटल्या.

दुकानापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. तिने प्लेअर उचलला आणि स्वयंपाकघरात आली. आधी त्याच्यावर उशी ठेवून चालू केला. उशीखालून तो गुदमरल्यासारखा आला, तिला ऐकवेना, तिने उशी फेकून दिली. कपाटात ठेवून दार लावलं, तर आवाज शेजारच्या घरात भांडण चाललंय असा यायला लागला. बाहेर सासूबाई नाही-नाही अशी मान हलवत होत्या. पातेल्यात घातला तर घुमला. प्रत्येक वेळी पहिली ओळ. घसा खाकरणं, खुर्ची ओढणं, पहिली ओळ. वर्षभर ज्याच्यापासून ती जिने चढून पळत होती, तो आता तिच्या हाताखाली पुन्हा पुन्हा सुरू होत होता आणि तिला ऐकावंच लागत होतं. नीट ऐकावं लागत होतं, कान देऊन, किती खरखर आली, किती दूर गेला.

मांडणीवर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता. तिने त्यात प्लेअर पालथा घातला, खाली चुरगळलेला कागद, वर झाकण अर्धवट. आवाज पूर्ण वाढवला.

डब्यातून तो आला. पत्र्याला घासत, बारीक होऊन, कुठल्या तरी लांबच्या खोलीतून आल्यासारखा.

"हां," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "आता आला. कुठे होतास रे?"

हे सुनेने केलं होतं. चांगल्या आवाजाला पत्र्यात कोंडून तिने तो मेलेल्या माणसाचा केला होता. पण बाहेर सासूबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि हात मांडीवर शांत झाला होता. प्रार्थना संपेपर्यंत ती डब्यापाशी उभी राहिली. शेवटची ओळ झाली तशी तिने घाईने ताट नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं, घास हातात दिला. सासूबाईंनी तो तोंडात घातला. चावला. गिळला. मग गोळी.

सून डबा बंद करायला परत आत आली. झाकणाला हात लावला आणि थांबली.

डबा अजून चालू होता. वाचणं संपलं होतं, पण त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं. जुन्या प्लेअरमध्ये एवढ्यात नुसती खरखर उरायची. या नव्यात काहीतरी हलत होतं. सावकाश, एका लयीत. वर जायचं, नाकात जरासं अडकायचं, खाली यायचं. हा त्याचा श्वास नव्हता. वाचून दमला की तो भराभर श्वास घ्यायचा.

तो हे वाचायचा त्या वर्षी ती बेकरीत रात्रपाळीला होती. सकाळी यायची आणि अंगावरचं पीठही न झटकता आडवी व्हायची. तो तिच्याच खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून वाचायचा, हे तिला माहीत होतं. पण वाचून झाल्यावर तो बटण न दाबता तसाच बसून राहायचा, हे तिला माहीत नव्हतं. खुर्ची करकरली नाही. पावलं वाजली नाहीत. कामावर जायला उशीर होत असेल, तरी तो उठत नव्हता. नुसतं तिचं झोपणं चाललं होतं आणि तो ते ऐकत होता.

"अगं," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. तोंडात घास होता. "बंद नको करू. तिथे कुणीतरी झोपलंय."

तिने झाकणावरचा हात काढला.

"त्याच्या जवळच झोपलंय. गाढ. ऐकू येतंय मला." त्यांनी घास गिळला. "मला वाटायचं, एकटाच असतो तो तिथे. कोण आहे गं?"

"आहे कुणीतरी, आई," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."

सासूबाईंनी पुढचा घास घेतला. ताटात बोटं फिरल्याचा आवाज आला. सून ओट्याला टेकून उभी होती. तिने आपला श्वास रोखून धरला. डब्यातला चालूच राहिला.