आत्याचे कागद पाठकोरे नव्हते

साहेब, कागदाला एकच बाजू असते असं तुम्ही ठरवलंत आणि माझ्या आत्याची एकतीस वर्षं रद्दीत घातलीत. सही तुमची होती. हात माझे होते, तेही लपवत नाही.

आत्या या शाळेत गणित शिकवायची. आता मी शिकवतो. तिच्या कपाटात प्रत्येक धड्याचं एक पाकीट होतं. वर धड्याचं नाव, आत सरावाचे कागद. तास संपला की ती कागद उलटा करून पेन्सिलीने लिहायची: वर्ग कुठे अडला, कोण अडलं, काय केल्यावर गाडी पुढे सरकली. पुढच्या वर्षी आधी मागची बाजू वाचायची. "पुढचं तर पुस्तकातही असतं रे," म्हणायची.

ती गेली आणि दोन महिन्यांत तुमचा आदेश आला. सगळं साहित्य संगणकावर चढवा, धड्यावार फोल्डर करा, म्हणजे कोणालाही पुन्हा वापरता येईल. कल्पना झकास. पण खाली ओळ होती: पाठकोरे समजून एकाच बाजूने स्कॅन करावे, मूळ कागद जमा करावेत.

मी कारकुनाला म्हटलं, "अहो, मागेही लिहिलंय."

"मास्तर, दोन्ही बाजू म्हणजे दुप्पट वेळ. आणि मागे कोण बघतं? माझ्या मागे तर बायकोसुद्धा बघत नाही."

मी हसलो. हसत हसत कागद यंत्रात सारत गेलो. मूळ कागदांच्या गोण्या तुमच्या गाडीतून गेल्या.

यंदा अपूर्णांक आले. तिसऱ्या बाकावरची मुलगी माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवते आणि वहीत एक आकडा लिहीत नाही. तिची आई येऊन सांगून गेली, "शुक्रवारच्या चाचणीत काही जमलं तर ठीक. नाहीतर शाळा पुरे, दुकानात बसेल."

मधल्या सुट्टीत मी फोल्डर उघडलं. अपूर्णांक, पान चार. आत्या पातळ कागद वापरायची. छापील गणितांखाली काहीतरी करडं दिसलं. मागची पेन्सिल आरपार उमटली होती, उलटी. हात धुवायच्या जागेवरचा आरसा काढून आणला आणि संगणकाच्या पडद्यासमोर धरला. आरशात माझा अर्धा चेहरा, त्याच्या शेजारी तिचं अक्षर. तारीख एकवीस वर्षांपूर्वीची.

"तिसरा बाक. मान हलवणारी. कळलेलं नाही, विचारायची लाज. फळ्यापाशी बोलावू नकोस. तिला फक्त"

पुढचं फार फिकट होतं. घंटा झाली. आणि आत्या आपल्या टिपणांत स्वतःला कधी 'नकोस' म्हणत नसे. 'नकोस' ती मला म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर पांढरंफटक.

"वरून आदेश आहे," कारकून म्हणाला. "डाग काढा, पानं स्वच्छ दिसू देत. तुमच्या आत्यांची सगळी धुऊन टाकली. लख्ख."

आता मी फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे पेन्सिल चालल्याचा आवाज येतो. वळतो तर ती मुलगी मान हलवत असते. तिच्या हातात पेन्सिल नसते. बाकी कोणाच्याही नसते.

गोण्या तुमच्या गोदामात आहेत की त्यांचा लगदा झाला? अपूर्णांक, पान चार, मागची बाजू. तिला फक्त काय? आज मंगळवार आहे. गुरुवारच्या आत उत्तर द्या.